बंदुकीवरची दुर्बीण घ्यावी की हातातली? जागलीच्या शेतकऱ्यांसाठी सरळ हिशोब

मेडशी (ता. मालेगाव) : सोयाबीन शेंगेवर आलं की जागल सुरू होते, ती हरभरा घरात येईपर्यंत संपत नाही. जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवून जातो, रोही तुरीचे शेंडे खाऊन जातात, आणि सकाळी धुऱ्यावर उभं राहून किती गेलं एवढंच मोजायचं उरतं. अशात मोबाईलवर जाहिरात येते : बंदुकीवर बसणारी दुर्बीण, तीनशे-चारशे मीटरवरचं जनावर हाताशी आल्यासारखं दिसेल, घरपोच मिळेल. मग पोरं विचारतात, "भाऊ, यातली कोणती घ्यावी?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात शंभरातल्या नव्याण्णव शेतकऱ्यांना बंदुकीवरच्या दुर्बिणीचा काही उपयोग नाही. त्यांना लागते ती हातात धरायची चांगली दुर्बीण आणि चांगली बॅटरी. उरलेल्या एकाकडे परवान्याची रायफल आहे आणि वनविभागाची लेखी परवानगीही आहे, त्याने कोणती दुर्बीण घ्यावी तेही खाली दिलं आहे. पण त्यालासुद्धा लांबचा नेम धरायची नाही, तर कमी अंतरावर नीट दिसायची दुर्बीण लागते. असं का, ते एकेक करून पाहू.

आधी कायदा, मग काच

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला परवाना काढून काही जनावरांची शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. आजोबांच्या काळातल्या शिकारीच्या गोष्टी खऱ्या असतील, पण त्या आजोबांबरोबर गेल्या. आज कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी आहे आणि जी सूट आहे ती फक्त कलम ११ आणि १२ मध्ये आहे.

शेतकऱ्याच्या कामाचं आहे ते कलम ११. अनुसूची दोनमधलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीक धरलेलं आहे, हे कायद्यातच लिहिलं आहे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही या अनुसूचीत येतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये या दोन जनावरांबाबत परवानगीची पद्धत ठरवून दिली. पीक नुकसान झालेल्या शेतकऱ्याने अर्ज वनक्षेत्रपालांकडे, म्हणजे आपल्या भाषेत रेंजर साहेबांकडे, करायचा असतो.

यातला ‘लेखी’ हा शब्द लक्षात ठेवावा. "साहेब हो म्हणाले होते" ही परवानगी नव्हे. "सगळं गाव मारतं" ही तर अजिबातच नव्हे. दुसरं असं, की कायद्यात शिकार म्हणजे फक्त जनावर मारणं असं नाही. पकडणं, फासे लावणं, आणि यातलं काही करण्याचा प्रयत्न करणंसुद्धा शिकारीतच मोजलं जातं. नेम चुकला म्हणजे गुन्हा चुकला, असं होत नाही.

काळवीट, बिबट, अस्वल आणि मोर ही मंडळी अनुसूची एकमध्ये आहेत. आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्य खास काळविटांसाठीच आहे, आणि काटेपूर्णा अभयारण्यही आपल्याला लांब नाही. अनुसूची एकमधलं जनावर मारलं तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. इतर बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार आणि वाहन सरकारजमा होतं. गुन्हा शाबीत झाला तर न्यायालय बंदुकीचा परवाना रद्द करून पाच वर्षं नवा मिळणार नाही असा आदेश देऊ शकतं. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या राखणीची बंदूक आहे, त्या घराला हे परवडणारं नाही.

आपल्याकडे बंदूक कोणती आहे ते बघा

दुर्बीण निवडण्याआधी ती कशावर बसणार आहे ते बघायला पाहिजे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणून गावात ज्या दोन-चार परवान्याच्या बंदुका सापडतात, त्या बहुतेक ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या असतात.

या दोन्हींची नळी आतून गुळगुळीत असते. बारा बोअरच्या काडतुसातून छर्रे बाहेर पडतात आणि लगेच पांगायला लागतात. मोठा छर्रा असला तरी पस्तीस-चाळीस मीटरच्या पुढे त्याचा भरवसा राहत नाही. एखादा छर्रा लागतो, दुसरा तुरीत जातो. अशा बंदुकीवर नऊपट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवणं म्हणजे बैलगाडीला मोटारीचा मीटर लावणं. आकडा दिसेल, वेग तोच राहील. या बंदुकीला नळीच्या टोकावरचा मणीच पुरेसा आहे आणि तो त्यासाठीच दिलेला आहे.

दुर्बिणीचा अर्थ फक्त रायफलला आहे. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. आपल्याकडे नागरी परवान्यावर दिसणारी .३१५ बोअरची रायफल या जातीची. पण अशी रायफल किती घरांत आहे? गावोगाव बोटावर मोजण्याइतकी.

मग दुर्बिणी विकल्या जातात कशावर? छर्ऱ्याच्या एअरगनवर. २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या आणि ४.५ मिलीमीटरपेक्षा मोठी नळी नसलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून पोरं ती मागवतात आणि सोबत दुर्बीणही येते. इथे दोन गोष्टी समजून घ्या. एक, एअरगनला परवाना लागत नाही म्हणजे तिने ससा, तितर, मोर मारायला परवानगी आहे असं नाही. कायदा हत्यार विचारत नाही, जनावर विचारतो. दुसरी, ताकद. मोठ्या जनावराच्या शिकारी रायफलची गोळी नळीतून निघताना साडेतीन हजार ज्यूलच्या आसपास किंवा त्याहून जास्त ताकद घेऊन निघते. एअरगनचा छर्रा जास्तीत जास्त वीस. त्याने रानडुक्कर मरत नाही, चिडतं. आणि चिडलेलं डुक्कर सकाळी तुरीच्या ओळीत बसलेलं असतं, जिथे निंदायला बायाच जातात.

दुर्बिणीवरचे आकडे कसे वाचावे

दुर्बिणीच्या खोक्यावर ३-९×४० असं काही लिहिलेलं असतं. दुकानदार मोठ्या आकड्याचं कौतुक करतो. हिशोब असा आहे.

पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो. ३-९ म्हणजे तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत फिरवता येतं. शेवटचा आकडा पुढच्या काचेची रुंदी, मिलीमीटरमध्ये. या दोन आकड्यांचा भागाकार केला की डोळ्यात किती रुंद उजेडाचा झोत येतो ते कळतं. चाळीसला नऊने भागलं तर साडेचार मिलीमीटरही भरत नाही. चाळीसला चारने भागलं तर दहा.

हे का महत्त्वाचं? अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली उघडते. तरुणपणी ती सात मिलीमीटरपर्यंत उघडते, चाळिशी-पन्नाशीत साधारण पाचपर्यंतच. झोत बाहुलीपेक्षा बारीक असला तर दिसतं ते काळपट. म्हणजे दिवस मावळताना नऊ पट करून बघितलं तर जनावर मोठं पण काळं दिसेल. पाच पट केलं तर लहान पण स्पष्ट. आपलं सगळं काम दिवस मावळल्यावरच असतं. म्हणून पट जितकी जास्त तितकी दुर्बीण चांगली, हा समज राखणीच्या कामात नेमका उलटा पडतो.

जास्त पटीचा दुसरा तोटा म्हणजे दिसणारा पट्टा अरुंद होतो. तीन पटीवर शंभर मीटर अंतरावर साधारण अकरा-बारा मीटर रुंदीचं वावर दिसतं. नऊ पटीवर चारेक मीटरच. कळपातलं एक डुक्कर दिसतं, त्याच्या बाजूला काय आहे ते दिसत नाही. हात थरथरतो तोसुद्धा नऊपट दिसतो.

आणखी काही गोष्टी दुकानात बघता येतात :

डोळा आणि काच यांतलं अंतर. रायफलच्या दुर्बिणीला डोळ्यापासून आठ ते दहा सेंटिमीटर लांब ठेवून पूर्ण गोल दिसला पाहिजे. फार जवळ न्यावं लागत असेल तर धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर बसते आणि फुटते.

काचेवरचा लेप. पुढच्या काचेकडे तिरकं बघितलं की हिरवट किंवा जांभळट झाक दिसते. सगळ्या काचांवर लेप असेल तर उजेड कमी वाया जातो. तांबडी-केशरी चमकणारी काच दिसायला छान, पण स्वस्त मालात ती उजेड परत फेकते.

आतली हवा. दुर्बीण बंद करून आत नायट्रोजन भरलेला असेल तर हिवाळ्यात आतून वाफ धरत नाही. हरभऱ्याच्या जागलीत पहाटे दव पडतं तेव्हा याची किंमत कळते.

फिरकीची टिकटिक. फुली वर-खाली, डावी-उजवी सरकवायला दोन फिरक्या असतात. बहुतेक दुर्बिणींत एक टिक म्हणजे शंभर मीटरवर सात मिलीमीटरच्या आसपास. काहींवर मिल हे माप असतं, तिथे एक टिक म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटिमीटर. दहा टिका वर आणि दहा टिका खाली फिरवल्यावर फुली होती तिथेच परत आली पाहिजे. स्वस्त दुर्बिणी बहुतेक इथेच नापास होतात.

बसवायच्या कड्या. दुर्बीण महागाची आणि कड्या पत्र्याच्या, असं केलं तर चार गोळ्यांनंतर नेम हलतो. आणि स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का पुढे-मागे दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे रायफलसाठीची चांगली दुर्बीणसुद्धा तिच्यावर बिघडू शकते. एअरगनसाठी म्हणून बनवलेलीच लागते.

लांबचा नेम का फसतो

जाहिरातीत तीनशे मीटर सहज बोलून जातात. तीनशे मीटर म्हणजे किती ते वावरात चालून बघा. आपल्या बहुतेकांची वावरं तेवढी लांबही नसतात. म्हणजे गोळी आपल्या धुऱ्यापलीकडे दुसऱ्याच्या वावरात जाणार, तिथे कोणी जागलीला असणार.

गोळी सरळ रेषेत जात नाही, दगडासारखी खाली येते, फक्त वेग जास्त म्हणून दिसत नाही. शंभर मीटरवर नेम बसवलेली साधारण शिकारी रायफल घेतली तर दोनशे मीटरवर गोळी दहा-बारा सेंटिमीटर खाली लागते. तीनशे मीटरवर जवळपास हातभर खाली. अंतर पन्नास मीटरने ओळखायला चुकलं, की हा फरक आणखी वाढतो. आणि अंधारात, सपाट वावरात, अंतर ओळखायला सगळेच चुकतात.

त्यात वारा. बाजूने ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा वारा असला, म्हणजे तुरीचे शेंडे हलतील एवढाच, तर तीनशे मीटरवर गोळी वीतभर बाजूला जाते. त्यात जनावराची चाल. गोळीला तीनशे मीटर जायला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात रमतगमत चालणारं डुक्करही एक-दीड वीत पुढे सरकतं. डुकराची जी जागा लागली तर ते जागीच पडतं, ती जागाच मुळात वीतभर रुंद. हे सगळं जमवणं सरावाच्या माणसालाही दिवसाउजेडी अवघड जातं.

इथे कोणी स्वप्नील कुसाळेंचं नाव घेईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या खेळाडूने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. अभिमानाचीच गोष्ट. पण त्यांचा प्रकार पन्नास मीटरचा होता. लक्ष्य हलत नव्हतं, अंतर मोजलेलं होतं, मागे गोळी थांबवणारी भिंत होती, आणि त्या प्रकारात मोठं करून दाखवणारी दुर्बीण रायफलवर चालतच नाही. बारीक भोकातून बघून नेम धरायचा असतो. नेम सरावाने येतो, काचेने नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

आणि परवानगी असली, नेमबाज सरावाचा असला तरी रात्रीच्या गोळीचा जाब द्यावाच लागतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१, म्हणजे अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. आदेश शासनाचा होता, प्रकरण आधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेलं होतं. तरीही गोळी कशी झाडली यावर चौकशी लागलीच. मग आपल्या धुऱ्यावरच्या गोळीची चौकशी होणार नाही असं कोणी समजू नये.

सगळ्यात मोठा धोका : बंदुकीतून बघणं

हा भाग कोणत्याच जाहिरातीत नसतो. दुर्बीण बंदुकीवर बसवली की माणूस बघायचं काम तिच्यातूनच करायला लागतो. तिकडे काही हललं, लाव बंदूक, बघ काय आहे ते. म्हणजे काय आहे हे कळायच्या आधीच भरलेली नळी त्याच्याकडे रोखलेली असते.

रात्री वावरात काय काय असतं? शेजारच्या वावरातला जागल्या घोंगडी पांघरून बसलेला असतो. कोणी परसाकडे गेलेलं असतं. दावं तोडून आलेलं वासरू असतं. मोटर चालू करायला निघालेला माणूस असतो, कारण शेतीची लाईन कित्येकदा रात्रीच येते. हे सगळे अंधारात, तुरीआडून, काळे आणि हलणारे दिसतात. डुक्करही तसंच दिसतं. पाठीवर केस असलेलं अस्वलही तसंच दिसतं, आणि ते तर अनुसूची एकमधलं.

म्हणून नियम एकच धरावा : ओळखायचं हातातल्या दुर्बिणीने, बंदूक उचलायची ओळख पटल्यावरच. ज्याला परवानगी आहे त्यानेही.

जागलीला कोणती हातदुर्बीण घ्यावी

इथेही तोच भागाकार. ७×५० म्हणजे सात पट, पन्नासची काच, झोत सात मिलीमीटर. अंधारासाठी ही सगळ्यात उजेडी, पण वजनाला जड. ८×४२ म्हणजे झोत सव्वापाच, वजनाला बेताची, चाळिशीच्या डोळ्याला पुरेपूर. माझं मत विचाराल तर आपल्या कामाला ८×४२ चांगली. १०×५० चालते, पण दहा पटीला हात टेकायला काहीतरी लागतं. मचाणाच्या आडव्या बांबूवर कोपर टेकवलं की जमतं. खिशात मावणारी १०×२५ दिवसा छान दिसते आणि संध्याकाळी सहानंतर निकामी होते, कारण तिचा झोत फक्त अडीच मिलीमीटर. वीस-तीस पट झूम लिहिलेल्या दुर्बिणी हातात धरून बघता येत नाहीत, त्यांच्या नादी लागू नये.

घेताना दुपारी दुकानात बघून घेऊ नका, दुपारी सगळ्याच चांगल्या दिसतात. दिवस मावळायच्या वेळी बघा. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेत बघा : उजेडाचा ठिपका पूर्ण गोल दिसला पाहिजे, कडा चौकोनी कापलेल्या दिसल्या तर आतलं लोलक हलकं आहे. टिनाच्या कडेकडे किंवा विजेच्या तारेकडे बघा : बाजूला जांभळी-हिरवी रेघ जितकी कमी तितकी काच बरी. पाच मिनिटं सलग बघा. डोकं जड झालं किंवा दोन-दोन दिसायला लागलं तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत, ती परत करा. चष्मा असेल तर डोळ्याकडचं रबर खाली दुमडून पूर्ण गोल दिसतो का ते बघा.

उष्णता दाखवणारी थर्मल दुर्बीण हल्ली चर्चेत आहे. ती पूर्ण अंधारात गरम जनावर पांढरं दाखवते, हे खरं. पण दाट तुरीच्या पानाआडचं तिला दिसत नाही, आणि स्वस्त थर्मलमध्ये लांबचं वासरू आणि रोही सारखेच ठिपके दिसतात. काहीतरी आहे एवढं ती सांगते, कोण आहे ते सांगेलच असं नाही. आणि किंमत एका शेतकऱ्याला झेपणारी नाही.

एका रांगेतल्या पाच-सहा वावरांनी मिळून एक ८×४२ आणि लांब झोताची एक बॅटरी घेतली तर खर्च वाटला जातो. कळप धुऱ्यावर यायच्या आधी दिसला तर बॅटरी, फटाका, डबे, आरडाओरडा यांनी तो फिरवता येतो. आत शिरल्यावर मात्र ओरडून उपयोग नसतो. दुर्बिणीने जे मिळतं ते हेच, दहा मिनिटं आधी कळणं.

ज्याच्याकडे रायफल, परवाना आणि परवानगी तिन्ही आहे त्याच्यासाठी

१. दुर्बीण कमी पटीची घ्या. दीड ते सहा किंवा दोन ते सात पट पुरे. वापरताना तीन-चार पटीवरच ठेवा.

२. बंदुकीवर काहीही नवीन बसवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा. विशेषतः रात्री दिसणारी यंत्रं.

३. नेम रेंजवर बसवा, वावरात नव्हे. राखणीच्या परवान्यावर सरावाच्या गोळ्या उडवणं अटीत बसतं की नाही ते आधी बघा.

४. अंतर शंभर मीटरच्या आत ठेवा. मचाणावरून खाली नेम असेल तर गोळी जमिनीत जाते. जमिनीवर उभं राहून आडवी मारलेली रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते.

५. मागे माती, बांध किंवा उतार दिसत नसेल तर गोळी नाही.

६. जखमी डुकराच्या मागे रात्री तुरीत शिरू नये. वनविभागाला कळवावं. मेलेलं जनावरही आपलं नसतं. त्याचं काय करायचं ते त्यांच्या पंचनाम्यानंतर ठरतं. मटण वाटून घेतलं तर परवानगीच्या कागदाचा आधार उरत नाही.

७. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागू शकतात. ऐन हंगामात आचारसंहिता लागली तर राखण हातदुर्बिणीवर आणि बॅटरीवरच करायची असते, हे धरून चालावं.

तार सोडू नका, अर्ज सोडू नका

बंदूक नाही, दुर्बीण परवडत नाही, म्हणून कुंपणात घरची लाईन सोडणारे अजून आहेत. त्या तारेला डुक्कर आणि माणूस कळत नाही. सकाळी पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस त्यात सापडतो, आणि मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही लागू शकतो. बॅटरीवर किंवा सोलरवर चालणारं झटका मशीन वेगळं. ते क्षणभर झटका देऊन थांबतं. पण तेही प्रमाणित असावं आणि बोर्ड लावलेला असावा.

पीक गेलंच तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे भरपाईचा अर्ज द्या. सातबारा, नुकसानीचे फोटो आणि बँकेची माहिती लागते. फोटो काढताना पायाचे ठसे, उकरलेली माती आणि मागे ओळखू येईल असं झाड किंवा विहीर येऊ द्या. अर्जाची पोच घ्या. भरपाई मनासारखी मिळत नाही ही तक्रार खरी आहे. पण नुकसानीचे अर्जच नसतील, तर जनावर मारायच्या परवानगीसाठी गेल्यावर दाखवायला आपल्याकडे कागद काय असतो? दरवर्षीच्या पंचनाम्यांची फाईल ठेवा. पुढच्या परवानगीला तीच कामाला येते.

सोयाबीनची सोंगणी झाली की कळप तुरीकडे आणि मग हरभऱ्याकडे वळतात. घाटे भरायच्या आत ज्यांना दुर्बीण घ्यायची आहे त्यांनी शेजाऱ्यांशी बोलून घ्यावं, दिवस मावळताना दुकानात जावं, आणि खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भागून बघावं. भागाकार पाचच्या वर आला तर पैसे द्यावे.